स्पेनच्या किनाऱ्यावर घर घ्यायचंय? मग गाव जानेवारीत बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या प्रॉपर्टी पुरवणीत भूमध्य समुद्राकाठी दुसरं घर घेण्याबद्दल पानभर मजकूर आला होता. माझ्या बहिणीने ठाण्याहून त्याचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, ताई, आमच्या सोसायटीतली दोन-तीन कुटुंबं सिरीयसली विचार करतायत, तू तिथेच राहतेस तर कुठलं गाव बरं ते सांग. मी स्पेनमध्ये आलिकांतेला राहते. युरोपियन युनियनचं ट्रेडमार्कचं ऑफिस या शहरात आहे, त्याच्या आयटीच्या कामामुळे काही मराठी मंडळी इथे आहेत, मी त्यातलीच एक. बहिणीला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं पेपरलाच पाठवावं, कारण हा प्रश्न आता फक्त तिच्या सोसायटीचा राहिलेला नाही, पुण्या-मुंबईच्या हॉटेलांमधून यावर सेमिनार होतायत.

आधी चूक सांगते, कारण लोकांचे पैसे अडकतील. पुरवणीत लिहिलंय की स्पेनमध्ये 5 लाख युरोचं घर घेतलं की रेसिडेन्सी मिळते. मिळायची, 2013 च्या कायद्याने. ती स्कीम 3 एप्रिल 2025 ला बंद झाली. आता इथे कितीही महागडं घर घ्या, राहण्याचा हक्क त्यातून येत नाही, भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा काढून तुम्ही कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहू शकता, मग घर तुमचं असो नाहीतर हॉटेल असो. जास्त राहायचं तर काम न करता राहण्याचा वेगळा व्हिसा आहे, त्याला मुख्य अर्जदाराला वर्षाला 28,800 युरोचं उत्पन्न दाखवावं लागतं, खाजगी हेल्थ इन्शुरन्स लागतो आणि नोकरी करता येत नाही. रिटायर्ड मंडळींना हा चालू शकतो, पण घर घेणं आणि व्हिसा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं पाहिजे. ग्रीसमध्ये स्कीम अजून आहे पण तिथेही अडीच लाख युरोचा जमाना गेला. 1 सप्टेंबर 2024 पासून अथेन्सचा परिसर, थेसालोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी आणि 3,100 च्या वर वस्तीची बेटं इथे 8 लाख युरो, बाकी ठिकाणी 4 लाख, तेही 120 चौरस मीटरच्या एकाच घरात, आणि ते घर पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने देता येत नाही. अडीच लाखवाले पर्याय उरलेत ते म्हणजे दुकान-ऑफिसचं घर करून घेणं किंवा हेरिटेज इमारत दुरुस्त करणं, आणि सेमिनारमध्ये स्लाइडवर मोठ्या अक्षरात तोच आकडा असतो.

आता गावाचं. माझं म्हणणं एवढंच आहे की लोक घर बघतात, बाल्कनीतून समुद्र किती दिसतो ते बघतात, आणि गाव बघतच नाहीत. एजंट तुम्हाला एप्रिल-मे मध्ये बोलावतो, विमानतळावरून गाडीने उचलतो, दोन दिवसांत दहा फ्लॅट दाखवतो, समुद्रावर जेवायला घालतो, तेव्हा ऊन छान असतं, बोगनवेल फुललेली असते, माणूस हो म्हणून मोकळा होतो. तेच गाव जानेवारीत बघा.

आलिकांतेच्या दक्षिणेला ओरिवेला कोस्ता म्हणून पट्टा आहे, तिथल्या वसाहती भारतात फार विकल्या जातायत असं ऐकते कारण किंमत कमी आहे आणि फोटोत स्विमिंग पूल दिसतो. जानेवारीतल्या संध्याकाळी सहा-साडेसहाला तिथे फिरून या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांची प्लास्टिकची शटरं खालपर्यंत ओढलेली, अख्ख्या रांगेत एखाद्याच घरात दिवा, पूलचं पाणी हिरवं झालेलं, कोपऱ्यावरच्या बारला मार्चपर्यंत बंदची चिठ्ठी, दूध आणायचं तर गाडी काढावी लागते. त्यात या वसाहती ज्या ओरिवेला नगरपालिकेत येतात ते मूळ शहर आत तीसेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे कचरा, दिवे, बस यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत आणि वेगळी नगरपालिका करा अशी मागणीसुद्धा आहे. साठीतल्या जोडप्याने अशा ठिकाणी एकटं राहायचं म्हणजे काय ते विचार करा. गाडी चालवता येणाऱ्या माणसाला ताप आला तर दुसऱ्याने औषध आणायचं कसं?

आणि घर आतून थंड असतं हे कोणी सांगत नाही. भूमध्य समुद्र म्हणजे गरम, असं आपल्या डोक्यात असतं. बाहेर दुपारी 17-18 डिग्री, मस्त ऊन, पण ही घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, भिंती पातळ, खाली टाइल्स, हीटिंग नाही, रात्री आतलं तापमान 13-14 वर येतं आणि समुद्राची ओल कपाटातल्या कपड्यांपर्यंत पोचते. लोक भगव्या रंगाचं गॅस सिलिंडर शेगडीला लावून खोली गरम करतात, त्याने खिडक्यांवर अजून पाणी साचतं. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेलं घर हिवाळ्यात सोन्यासारखं, उत्तरेकडचं स्वस्तात मिळतं त्याला कारण आहे. हे सगळं मे महिन्यात कळणारच नाही.

या उलट आलिकांतेच्या उत्तरेचं बेनिडॉर्म घ्या. नावं ठेवायला सोपं गाव, उंच उंच टॉवर, ग्रान होतेल बाली तर 186 मीटरचं, फोटोत बघून आपली माणसं नाक मुरडतात की हे तर ठाण्याचं घोडबंदर झालं. पण 1956 साली तिथल्या मेयरने, पेद्रो सारागोसाने, गावाचा प्लॅन करून घेतला आणि पुढे त्यातूनच गाव वर चढलं, आडवं पसरलं नाही. त्यामुळे सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे, बस आहे, ट्राम आहे, आणि हिवाळ्यात सरकारी योजनेतून स्पेनभरचे पेन्शनर तिथे सुट्टीला येतात म्हणून दुकानं-हॉटेलं बारा महिने उघडी असतात. जानेवारीत बीचवरच्या रस्त्यावर म्हातारी माणसं हातात हात घालून फिरताना दिसतात, संध्याकाळी बारमध्ये नाच चालू असतो. मी स्वतः तिथे राहणार नाही, मला गोंगाट सोसत नाही, पण रिटायर्ड माणसाला गाव म्हणून ते ओरिवेला कोस्तापेक्षा कितीतरी चांगलं आहे हे प्रामाणिकपणे सांगते.

दुसरी गोष्ट पाणी, आणि ही माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. या किनाऱ्यावर पाऊस कमी पण पडतो तेव्हा एकदम पडतो, सप्टेंबर ते नोव्हेंबर, उन्हाळाभर तापलेला समुद्र आणि वर थंड हवा आली की. डोंगरातून समुद्राकडे येणारे कोरडे ओढे आहेत, वर्षाचे अकरा महिने त्यात पाण्याचा थेंब नसतो, मुलं सायकल चालवतात, गाड्या पार्क होतात, आणि अशा ओढ्यांच्या काठावरच गावं वाढलीत. 29 ऑक्टोबर 2024 ला वालेन्सियाजवळ चीवाला 8 तासांत 491 मिलिमीटर पाऊस झाला. खाली पाइपोर्ता गावात त्या वेळी धड पाऊससुद्धा नव्हता, पोयोचा ओढा वरून पाणी घेऊन आला आणि लोक तळघरातल्या गाड्या काढायला गेले ते तिथेच अडकले. मोबाइलवर सरकारी अलर्ट वाजला रात्री 8 वाजून 11 मिनिटांनी, तोपर्यंत गावात छातीएवढं पाणी होतं. वालेन्सिया प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. आणि वालेन्सिया शहराचा मुख्य भाग वाचला, कारण 1957 च्या पुरानंतर त्यांनी तुरिया नदीच शहराबाहेर वळवली होती, जुन्या पात्रात आता बाग आहे. म्हणजे दोन घरं काही किलोमीटरवर, किंमतही जवळपास, आणि एका घरातल्या लोकांचं सगळं वाहून गेलं. पूररेषेचे नकाशे सरकारने इंटरनेटवर फुकट ठेवलेत, पत्ता टाकला की दिसतं. एकाही एजंटने तो नकाशा स्वतःहून दाखवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तळमजला आणि तळघरातलं पार्किंग असेल तर नकाशा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, हात जोडून सांगते.

पाण्याची दुसरी बाजू मार मेनोर. मुर्सिया प्रांतात समुद्राला लागून मोठं खारं सरोवर आहे, उथळ, गरम पाणी, लहान मुलांना उत्तम, आणि तिथली घरं या किनाऱ्यावर स्वस्तात मिळतात म्हणून ब्रोशरमध्ये पहिल्या पानावर. आजूबाजूच्या भाजीपाल्याच्या शेतीतलं नायट्रेट वर्षानुवर्षं त्यात उतरत राहिलं, ऑक्टोबर 2019 आणि परत ऑगस्ट 2021 मध्ये पाण्यातला ऑक्सिजन संपून मेलेल्या माशांचे ढीग किनाऱ्याला लागले. 2022 मध्ये लोकांनी सह्या गोळा करून कायदा करायला लावला आणि त्या सरोवराला माणसासारखा कायदेशीर हक्क मिळाला, युरोपात असं पहिल्यांदा झालं. काठावरचं लॉस आल्कासारेस तर पुरातही परत परत बुडालंय. मला त्या लोकांबद्दल फार वाटतं, त्यांनी लढून मिळवलंय, सरोवर सुधारावं अशी मनापासून इच्छा आहे, पण ठाण्याच्या माणसाने आयुष्याची पुंजी तिथे लावताना हे माहीत असायला हवं की नको?

कागदपत्रांचं सांगते. इथे रजिस्ट्री ऑफिसमधून थोड्या युरोत एक उतारा मिळतो, नोटा सिंप्ले म्हणतात, आपला सातबारा समजा, मालक कोण, बोजा किती, क्षेत्र किती सगळं त्यात. तो आपल्या वकिलाने काढायचा, बिल्डरने सुचवलेल्या नाही. घर कागदावर 70 चौरस मीटर आणि प्रत्यक्षात गच्ची बंद करून 95 केलेलं, मागे स्विमिंग पूल ज्याची नोंदच नाही, हे इथे सर्रास चालतं. जुन्या मालकाने थकवलेला सोसायटीचा मेंटेनन्स चालू वर्षाचा आणि मागच्या तीन वर्षांचा घरावर चढतो, म्हणजे तुमच्यावर. गावाबाहेर शेतजमिनीत स्वस्त व्हिला दिसला तर दहा वेळा विचार करा. आल्मेरियातल्या वेरा गावात जानेवारी 2008 मध्ये एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याचं घर बुलडोझरने पाडलं, त्यांच्याकडे नगरपालिकेची परवानगी होती, पण ती परवानगीच बेकायदेशीर म्हणून प्रांत सरकारने रद्द करून घेतली. मार्बेयाची तर अख्खी नगरपालिका 2006 मध्ये भ्रष्टाचारामुळे केंद्राने बरखास्त केली, हजारो घरं बेकायदा परवानग्यांवर उभी होती, ती नियमित करणारा 2010 चा प्लॅन सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये उडवला. म्हणून गाव निवडताना त्या नगरपालिकेचा इतिहास बघणं हा काही अभ्यासाचा शौक नाही, तुमच्या घराचा पाया तोच आहे.

अगदी समुद्राला लागून घर ही सगळ्यांची हौस. 1988 चा किनारा कायदा आहे, वाळूचा पट्टा सार्वजनिक मालकीचा, त्याच्या आत 100 मीटर संरक्षित, गावठाणात 20. आलिकांतेच्या दक्षिणेला ग्वार्दामारला बाबिलोनिया बीचवर 1930 च्या दशकात सरकारच्याच परवानगीने बांधलेली घरं, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत कुटुंबं उन्हाळ्याला येत होती, समुद्र पुढे सरकत ओट्यापर्यंत आला, कन्सेशन, म्हणजे सरकारी जागा वापरायची परवानगी, संपलं आणि सरकारने मुदत वाढवायचं नाकारून घरं पाडायचा आदेश काढला. दोन रस्ते मागे घर घ्या, चालत पाच मिनिटं लागतील, झोप लागेल.

आणि कार्ताहेना, मासारोन, आलिकांतेचा दक्षिण भाग अशा ठिकाणी युरोपबाहेरच्या माणसाला गावठाणाबाहेरची जमीन घ्यायची तर मिलिटरीची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे, त्यात महिने जातात. टोकन देण्याआधी वकिलाला हे विचारा.

पैशांचं थोडक्यात. जुन्या घरावर ट्रान्स्फर टॅक्स प्रांताप्रमाणे बदलतो, आंदालुसियात 7 टक्के, आमच्या वालेन्सिया प्रांतात वर्षानुवर्षं 10 टक्के होता, 1 जून 2026 पासून 9, वर नोटरी, रजिस्ट्री, वकील, म्हणजे किमतीच्या 10 ते 13 टक्के बाजूला ठेवा. घर रिकामं ठेवलं तरी नॉन-रेसिडेंट म्हणून दरवर्षी मानीव उत्पन्नावर, म्हणजे भाडं आलं नसलं तरी सरकार धरतं त्या उत्पन्नावर, 24 टक्क्यांनी कर भरायचा. भारतातून पैसे पाठवायचे तर एलआरएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, 10 लाख रुपयांच्या वर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच घेतलेला कर, कापला जातो, तो रिटर्नमध्ये अ‍ॅडजस्ट होतो पण तोपर्यंत पैसे अडकतात. आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या शेड्यूलमध्ये हे घर दाखवायचं, विसरलात तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्यात 10 लाखांचा दंड होऊ शकतो.

भाड्याने देऊन हप्ता सुटेल हा हिशेब घेऊन कोणी येत असेल तर त्यांनी जरा थांबावं. 3 एप्रिल 2025 पासून नवीन टुरिस्ट फ्लॅटला सोसायटीच्या तीन पंचमांश मालकांची संमती लागते, 1 जुलै 2025 पासून राष्ट्रीय नोंदणी नंबर नसेल तर वेबसाइटवर जाहिरात टाकता येत नाही, बार्सिलोनाने तर 2028 पर्यंत सगळेच्या सगळे, दहा हजारांच्या वर, टुरिस्ट फ्लॅट बंद करायचं जाहीर केलंय. जानेवारी 2025 मध्ये पंतप्रधान सांचेस यांनी युरोपबाहेरच्या आणि इथे न राहणाऱ्या खरेदीदारांवर 100 टक्क्यांपर्यंत कर लावायचा प्रस्ताव मांडला. हे का होतंय ते इथे राहून दिसतं. माझ्या मुलीच्या शाळेतली शिक्षिका दर सप्टेंबरला नवीन खोली शोधते, कारण घरमालकाला उन्हाळ्यात आठवड्याच्या भाड्यात तिच्या महिन्याच्या भाड्याएवढे मिळतात. मालागा, पाल्मा, वालेन्सिया, सगळीकडे लोक घरांसाठी रस्त्यावर उतरलेत. त्यांचा राग परक्या माणसावर नाही, रिकाम्या घरावर आहे, असं मला तरी शेजाऱ्यांशी बोलून वाटतं. गुंतवणूक म्हणून बंद ठेवायला घर घेणार असाल तर कृपया या किनाऱ्यावर घेऊ नका. राहायला येणार असाल तर या, बाजारात जा, भाजीवाल्याशी मोडकंतोडकं स्पॅनिश बोला, लोक जीव लावतात.

सायप्रसबद्दल एकच वाक्य, कारण त्याच्याही जाहिराती दिसतात. उत्तर सायप्रसमधलं स्वस्त घर हे बरेचदा 1974 मध्ये तुर्कस्तानचं सैन्य आल्यावर पळून गेलेल्या ग्रीक सायप्रियट माणसाच्या जमिनीवर असतं, आणि 2009 मध्ये युरोपियन कोर्टाने एका ब्रिटिश जोडप्याच्या केसमध्ये मूळ मालकाच्या बाजूचा सायप्रसच्या कोर्टाचा निकाल इंग्लंडमध्येही लागू होतो असं सांगितलंय, तिकडे फिरकूच नका.

बहिणीच्या मैत्रिणींना नावं हवी होती. गाडी चालवायची नसेल, हॉस्पिटल जवळ हवं असेल तर आलिकांते शहरच, बाजारपेठेच्या वरच्या बाजूला किंवा ट्रामच्या कडेला सान हुआनकडे, विमानतळ बसने अर्ध्या तासावर, माद्रिदला हायस्पीड ट्रेन 2013 पासून. छोटं गाव हवं असेल तर ला विला होयोसा, रंगीत घरांची रांग, जुना चॉकलेटचा कारखाना, जिल्ह्याचं हॉस्पिटल गावातच, ट्राम आहे, आणि शाळा-बँक-मासळीबाजार स्थानिक लोकांसाठी असल्यामुळे फेब्रुवारीतही चालू. फक्त नदीकाठचा खालचा भाग नकाशावर तपासा. देनिया सुंदर आहे, खाणं उत्तम, हॉस्पिटल आहे, पण वालेन्सियाला थेट रेल्वे नाही, ती गांदियाला संपते, लोक कधीपासून मागतायत, आणि किंमत चढलेली. तोरेविएखाला गर्दी आहे, स्वस्त आहे, जगभरची माणसं आहेत, काहींना तेच आवडतं, पण तिथे रेल्वे 1986 पासून नाही.

आणि घेण्याआधी एक हिवाळा भाड्याने राहा. नोव्हेंबर ते मार्च या गावांमध्ये महिन्याच्या करारावर फर्निश्ड घरं मिळतात, भाडं ऑगस्टच्या मानाने फारच कमी, तुमचे शेंगेनचे 90 दिवस त्यात बरोबर बसतात. दोन-तीन गावांत महिना-महिना काढलात तरी एका चुकीच्या घराच्या ट्रान्स्फर टॅक्सपेक्षा कमी खर्च येईल.

आपली वाचक,
आलिकांते, स्पेन (मूळ डोंबिवली)